पुस्तकातला नुमिसियस

"तुझं भाषण वाचलं परवा," अंगाला तेल चोळून घेता घेता रुब्रियस म्हणाला. "इतकं छान बोलतोस, आणि आम्हाला कधी पत्ता लागू दिला नाहीस."

सर्व्हियस नुमिसियसला वाटलं, हा आपल्याला दुसराच कोणी समजतोय. स्नानगृहातल्या वाफेत चेहरे नीट दिसत नाहीत, आणि रुब्रियसची नजर तशीही अधू होती.

"कसलं भाषण? सिनेटमध्ये तोंड उघडून मला जमाना झाला."

"सिनेटमधलं नव्हे रे. सॅट्रियसच्या नव्या पुस्तकातलं. भीतीवरचं." रुब्रियसने तेल लावणाऱ्या पोऱ्याला पाणी आणायला पाठवलं आणि तो जवळ सरकला. "'ज्याची झोप दुसऱ्या एका माणसाच्या मर्जीवर आहे, तो हस्तिदंती पलंगावर निजला तरी गुलामच.' पुन्हा पुन्हा वाचलं बघ ते वाक्य. मग गुंडाळी उचलली आणि पेटीत अगदी तळाशी ठेवली. वर दिसायला नको म्हटलं."

नुमिसियस हसला. हसू कसं आलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मग तो गरम पाण्याच्या हौदात उतरून गळ्यापर्यंत बुडाला.

दुसऱ्या एका माणसाची मर्जी. रोममध्ये त्या दिवसांत असा माणूस एकच होता, आणि त्याचं नाव कोणी घेत नसे. 'सर्वाधिकारी' म्हणायचे, किंवा नुसतं 'ते'. रोमनांची आपसातली लढाई ते जिंकले होते. नुमिसियसचा एकुलता एक मुलगा पब्लियस हरलेल्या बाजूने लढला होता आणि आता दूर मितिलीनीत, समुद्रापलीकडे, परत यायच्या परवानगीची वाट बघत बसला होता. ती परवानगी मिळवण्यासाठी नुमिसियस वर्षभर कॅल्व्हेंटियसच्या दारात उभा राहत होता. सर्वाधिकारी मोहिमेवर असताना असले अर्ज कॅल्व्हेंटियसच बघत असे. पहाटे उठायचं, स्वच्छ टोगा नेसायचा, दुसऱ्यांच्या आश्रितांच्या गर्दीत आपणही आश्रितासारखं उभं राहायचं. नुमिसियसचे आजोबा कॉन्सल होते, राज्यातल्या सर्वोच्च पदावर.

आणि अशा वेळी सॅट्रियसने त्याच्या तोंडी हे वाक्य घातलं होतं.

घरी आल्यावर बायकोला सांगावं की नाही, हे त्याचं ठरेना. पण ऑपियाला सांगावं लागत नसे. तिने त्याच्या समोरचं डाळीचं ताट पाहिलं. ते तसंच होतं.

"काय झालं? पब्लियसचं काही कळलं?"

"नाही. सॅट्रियसने पुस्तक लिहिलंय."

"तो लिहितच असतो. त्यात जेवण सोडण्यासारखं काय आहे?"

त्याने सांगितलं. ऑपियाने शांतपणे ऐकून घेतलं, मग दासीला बाहेर घालवून पडदा ओढला.

"अहो, तुम्ही खरंच असं बोललात?"

"कधीच नाही."

"दारू पिऊन? उन्हाळ्यात त्याच्या घरी बसून तुमचं काय काय चालतं, देवाला माहीत."

"अगं, अॅथेन्समध्ये असताना आम्ही दोघं बागवाल्यांकडे, त्या बागेत शिकवणाऱ्या तत्त्वज्ञांकडे, ऐकायला जायचो, तेव्हा मी पोरगा होतो. ते म्हणायचे, देवांना आपल्या भानगडींशी देणंघेणं नाही, मरणाला घाबरायचं कारण नाही, चार मित्रांसोबत गुपचूप जगावं. मला आवडायचं ते. एवढंच त्याला माहीत आहे."

"मग जा, आणि त्याला म्हणावं, नाव काढ." तिने ताट त्याच्यापुढे सरकवलं. "आधी जेवा. माझा मुलगा तुमच्या मित्राच्या लिहिण्यापायी तिकडे राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी नुमिसियस फॉर्मियाला, सॅट्रियसच्या घरी निघाला. अप्पियन रस्त्यावर गाडीला गचके बसत होते आणि प्रत्येक गचक्यासरशी ते वाक्य त्याच्या डोक्यात नव्याने उठत होतं. त्याचा राग फक्त वाक्यावर नव्हता. ते इतकं पटकन पाठ झालं होतं, याचाही होता.

मानियस सॅट्रियस तळ्याच्या कठड्यावर बसून माशांना पावाचे तुकडे टाकत होता. एकेकाळी कोर्टात त्याचं भाषण असलं की दुकानदार दुकानं सोडून यायचे. लढाईनंतर कोर्टांना अर्थ उरला नाही आणि सिनेटला तर त्याहून कमी. मग हा माणूस समुद्रकाठी येऊन बसला आणि ग्रीकांसारखे संवाद लॅटिनमध्ये लिहू लागला. कोणी ओसरीवाल्यांची, म्हणजे बागवाल्यांच्या विरोधी तत्त्वज्ञांची, बाजू घेतो, कोणी बागवाल्यांची, कोणी अकादमीवाल्यांसारखा दोघांनाही प्रश्न विचारतो. बोलणारे सगळे मात्र रोमन, नावानिशी.

"आलास?" तो उठून मिठी मारायला आला. "मी तुझ्याकडे गुंडाळी पाठवणारच होतो. आधी जरा शाई वाळू दे म्हटलं."

"रुब्रियसकडे मात्र ओलीच पाठवलीस."

सॅट्रियसचे हात खाली आले. "म्हणजे तू वाचलं नाहीस अजून."

"मला लोक ऐकवतायत. मी काय बोललो ते मला स्नानगृहात कळलं."

"चल, आधी वाच. मग भांड."

आतल्या खोलीत हर्मियास बसला होता. हा अलेक्झांड्रियाकडचा ग्रीक, ओसरीवाल्यांकडे शिकलेला, कित्येक वर्षं सॅट्रियसच्या घरी राहत होता. सॅट्रियसला ग्रीक पुस्तकांचा सारांश काढून देणं आणि त्याच्याशी रोज वाद घालणं, एवढंच त्याचं काम. नुमिसियसला पाहून तो उठला, त्याच्यापुढे अंजिरं ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन बसला, मजा बघायला बसावं तसा.

गुंडाळी उलगडली. सुरुवातीला हेच घर होतं, हेच तळं. सणाची सुट्टी आहे, तीन मित्र जमलेत: सॅट्रियस, नुमिसियस आणि फॅडियस, जो गेल्या हिवाळ्यात वारला. शहाण्या माणसाला भीती वाटते का, असा प्रश्न निघतो. फॅडियस म्हणतो, नुमिसियसने अॅथेन्समध्ये बागवाल्यांना ऐकलंय, आधी त्याला बोलू दे. आणि पुस्तकातला नुमिसियस बोलायला लागतो.

खरा नुमिसियस वाचत गेला आणि वाचता वाचता राग विसरला. हा माणूस अडखळत नव्हता. मरण म्हणजे काय, याबद्दल तो इतकं साधं बोलत होता की एखाद्या गवंड्यालाही कळावं. देव कोणाला निवडत नाहीत, कोणाला उचलून धरत नाहीत, म्हणून त्यांच्या नावाने राज्य मागणाऱ्यांचं खरं मानू नये, असं तो म्हणत होता. सर्वाधिकाऱ्यांचा हस्तिदंती पुतळा मिरवणुकीत देवांच्या रांगेतून नेला होता, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. मग ते झोपेचं वाक्य. आणि त्यापुढे: जो मरणाला घाबरत नाही त्याला धमकी देता येत नाही, आणि ज्याला धमकी देता येत नाही त्याच्यावर राज्य करता येत नाही.

नुमिसियसच्या तळहाताला घाम आला. गुंडाळीला लागू नये म्हणून त्याने हात टोग्याला पुसले.

मग सॅट्रियसचं उत्तर होतं, ओसरीवाल्यांच्या ढंगाचं, लांबलचक आणि भारदस्त. शहाण्याने लोकांसाठी राबावं, बागेत लपू नये, देवांची काळजी जगावर असते, वगैरे. आणि ते संपल्यावर पुस्तकातला नुमिसियस फक्त एवढंच म्हणतो: 'सॅट्रियस, तुझं बोलणं मोठं आहे. मला आणखी विचार करावा लागेल.' मग सगळे जेवायला उठतात.

"एवढंच?" नुमिसियसने वर पाहिलं. "एवढं बोलून झाल्यावर मी गप्प बसलो?"

"तेच तुला लागलं?" सॅट्रियसला हसू आलं. "मला वाटलं होतं, तू घाबरून आलायस."

"घाबरूनच आलोय. पण गप्प का बसवलंस?"

"कोणाला तरी गप्प बसवावं लागतंच. ग्रीकांच्या संवादांतही तसंच असतं. एक हरतो, मग पुस्तक संपतं."

"पण आमच्याकडे," हर्मियास खिडकीतून म्हणाला, "ज्याला बोलायला लावायचं तो आधी मरेपर्यंत थांबतात. निदान बरेचदा. मी यांना म्हटलं होतं, फॅडियस मेलाय, सगळं त्याच्याच तोंडी घाला. तो काही स्नानगृहात जात नाही."

"फॅडियसला बागवाल्यांचं एक अक्षर माहीत नव्हतं," सॅट्रियस चिडून म्हणाला. "लोक हसले असते. सर्व्हियस, जरा ऐक. आपल्या पोरांना वाटतं, विचार करायचा तर ग्रीकच व्हायला हवं. त्या पुस्तकांतले सगळे बोलणारे ग्रीक, गावं ग्रीक, झाडंसुद्धा त्यांची. मला दाखवायचं होतं की आपल्या गावात, आपल्या भाषेत, आपली माणसं बसून हे बोलू शकतात. मग नावं आपली नकोत?"

हे सगळं खरं होतं, आणि नुमिसियसला ते पटतही होतं. म्हणूनच त्याला आणखी वैताग आला.

"माझा पोरगा मितिलीनीत आहे," तो म्हणाला.

सॅट्रियसने गुंडाळी त्याच्या हातातून घेतली. नुमिसियस खिडकीकडे वळला.

"हर्मियास, तुम्ही सांगा. हे झोपेचं वाक्य कोणत्या ग्रीकाचं? निदान ते तरी सांगता येईल, की बाबा, हे जुन्या पुस्तकातलं आहे, मी फक्त पाठ म्हटलं."

हर्मियासने सॅट्रियसकडे पाहिलं. मग अंजीर तोंडात टाकून सावकाश चावत राहिला. उत्तर द्यायचं नसलं की तो नेहमी असंच काही तरी खात असे, हे नुमिसियसला माहीत होतं.

"सांगा ना."

"मरणाबद्दलचं सगळं बागेच्या गुरूचं आहे," हर्मियास शेवटी म्हणाला. "देवांचंही बरंचसं. सारांश मीच काढून दिला. पण झोपेचं वाक्य माझ्या सारांशात नव्हतं. धमकीचंही नव्हतं. बागवाले राज्याबद्दल असं कधी बोलत नाहीत, ते राज्याकडे बघतच नाहीत. ही वाक्यं लॅटिनमध्येच जन्मली. या घरात."

तळ्यात मासा उसळल्याचा आवाज आला. नुमिसियसने मित्राकडे पाहिलं, आणि ज्याने भल्या भल्या साक्षीदारांना कोर्टात घाम फोडला होता तो मित्र गुंडाळीच्या कडा नीट करत बसला होता.

"म्हणजे हे तुझं आहे," नुमिसियस म्हणाला. "तुझ्या मनातलं. तुझ्या नावावर तू ते गुळगुळीत उत्तर ठेवलंस, आणि जे बोलायचं होतं ते माझ्या तोंडून बोललास."

"मी खोडलंय ना ते, शेवटी."

"किती पोकळ खोडलंयस ते न कळायला मी काही बैल नाही. तू मनापासून कसा बोलतोस आणि तुझा विश्वास नसताना कसा बोलतोस, दोन्ही मी ऐकलंय."

सॅट्रियसचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. "मला कोणाच्या तरी तोंडून ते ऐकायचं होतं," तो हळूच म्हणाला. "लिहिताना पब्लियसचा विचार डोक्यात आला नाही. खोटं बोलत नाही. आला असता तर नसतं लिहिलं, असंही छातीठोक सांगता येत नाही."

"नाव काढ."

"काढतो. पण ज्या प्रती गेल्या त्या गेल्या. आणि एक..." तो थांबला. "एक कॅल्व्हेंटियसने स्वतः मागवून नेली. नकार कसा देणार? आता नाव पुसलं तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल, की का पुसलं."

नुमिसियस रोमला परतला तो आजारी माणसासारखा. घरी निरोप येऊन पडला होता: कॅल्व्हेंटियसने बोलावलं आहे. उद्या, सकाळच्या भेटीगाठी आटोपल्यावर.

ऑपियाने सगळं ठरवून ठेवलं होतं. "सरळ सांगायचं. ही ग्रीकांची रीत आहे, लिहिणारा एक असतो, नाव दुसऱ्याचं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. खरंच आहे ते. खरं बोलायला कशाची भीती?"

"मग सॅट्रियसचं काय?"

"सॅट्रियसने आपला विचार केला?"

त्या रात्री तो झोपला नाही, आणि का झोपला नाही हे लक्षात आलं तेव्हा त्याला ते वाक्य लिहिणाऱ्याचा गळा धरावासा वाटला.

कॅल्व्हेंटियसच्या दिवाणखान्याबाहेर तो एकटाच बसला होता. रोज इथे गर्दी असायची. आज गर्दी नाही, याचाच धाक वाटत होता. समोरच्या भिंतीवर रंगवलेला मोर होता. मोराच्या पिसाऱ्यातले डोळे मोजत बसू नये, असं त्याने स्वतःला बजावलं. आतून कोणी खोकलं की तो दाराकडे बघायचा. तो मनाशी पाठ करत होता: ही ग्रीकांची रीत आहे, लिहिणारा एक असतो.

कॅल्व्हेंटियसला सर्दी झाली होती. गळ्याला लोकरीचा पट्टा गुंडाळून तो उकडलेलं अंडं सोलत होता. वयाने लहान, बोलायला मऊ. त्याने कोणावर आवाज चढवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"बसा, नुमिसियस. तुम्हाला ताटकळत ठेवलं. अंडं घेता? नाही? मी हे वाचलं." गुंडाळी बाजूच्या तिवईवर होती. "ग्रीक मला फारसं येत नाही. ही पुस्तकं लॅटिनमध्ये आल्यामुळे आमच्यासारख्यांची सोय झाली. तुमचा भाग मला फार आवडला."

"आभारी आहे."

"हे तुमचं आहे ना? तुम्हीच असं बोललात?"

प्रश्न इतका सहज आला की नुमिसियसचं पाठ केलेलं सगळं जिभेवर तयार होतं. "या संवादांची एक रीत असते," त्याने सुरुवात केली. "ग्रीकांपासून आलेली. म्हणजे लिहिणारा..."

"हां, ऐकलंय मी," कॅल्व्हेंटियसने अंड्याला मीठ लावलं. "लिहिणारा स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी घालतो. म्हणजे ही वाक्यं सॅट्रियसची, असं म्हणायचंय तुम्हाला. झोपेचं, धमकीचं. मी फक्त विचारतोय. मला कोणाचं नक्की काय ते माहीत असलेलं बरं."

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. नुमिसियसला पब्लियस दिसला, लहानपणचा, तापात पडलेला. मग आतल्या खोलीत बसून गुंडाळीच्या कडा नीट करणारा सॅट्रियस दिसला. आणि आपण या खोलीत, या मऊ आवाजाच्या माणसासमोर, एक मित्र देऊन मुलगा घ्यायला आलो आहोत, हेही लख्ख दिसलं.

"नाही," तो म्हणाला. "मी बोललो ते. सॅट्रियसने लिहून घेतलं."

कॅल्व्हेंटियस चावायचा थांबला. "तुम्ही."

"मी. आणि त्याने मला खोडून काढलं, तेही त्यात आहे. त्यावर मला बोलता आलं नाही."

"मला त्याचं उत्तर काही विशेष वाटलं नाही," कॅल्व्हेंटियस म्हणाला. "तुमचं जास्त पटलं. म्हणूनच तर बोलावलं." त्याने नाक पुसलं. "एक सांगा. आत्ता, या खोलीत, तुम्हाला भीती वाटतेय?"

"वाटतेय."

"मग शहाण्याला भीती नसते, हे तुमचं म्हणणं तुम्हालाच लागू पडत नाही."

"पडत नाही," नुमिसियस म्हणाला. "म्हणून तर मी त्या वादात हरलो."

कॅल्व्हेंटियसने उरलेलं अंडं खाली ठेवलं. तो हसेल असं एक क्षण वाटलं, पण त्याला शिंक आली. शिंकून झाल्यावर त्याने हात धुवायला पाणी मागवलं.

"मुलाचं कळवतो," तो म्हणाला. बस्स. कधी, काय, काही नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ऑपिया ऐकून घेऊन उठून गेली, आणि नवऱ्याशी फक्त जेवणाखाण्यापुरतं बोलू लागली. एकदाच म्हणाली, "तुम्ही मोठे झालात. आता माझा मुलगा कोणत्या पुस्तकातून परत येणार?" नुमिसियस दाराशी पावलं वाजली की उठून उभा राही. भाजीवाला असे. पाणी आणणारा असे. स्नानगृहात लोक त्याच्याशी आदराने बोलत आणि लवकर निघून जात. रुब्रियस तर दिसेनासाच झाला. रात्री अंथरुणावर पडल्यावर नुमिसियस त्या खोलीतलं बोलणं पुन्हा पुन्हा चाळत बसे. 'आणि त्याने मला खोडून काढलं' हे वाक्य भित्रेपणाचं होतं की हुशारीचं, हे त्याला ठरवता येईना. कधी वाटे, आपण मित्राला वाचवलं. कधी वाटे, आपण फक्त एका छान वाक्यासाठी पोराला पणाला लावलं.

सॅट्रियस एकदा येऊन गेला. ओसरीत उभ्या उभ्याच म्हणाला, "मला कळलं." नुमिसियस म्हणाला, "बस." तो बसला नाही. "नवीन पुस्तक सुरू केलंय," एवढं बोलून पुढे म्हणाला, "त्यात सगळे मेलेले आहेत." आणि गेला. हा विनोद होता की माफी, नुमिसियसला समजलं नाही, बहुधा दोन्ही.

मग ऑलिव्ह झोडपायच्या हंगामात परवानगी आली. पब्लियस नुमिसियसने इटलीत यावं, वेनाफ्रमच्या घरच्या शेतावर राहावं, रोममध्ये पाऊल टाकू नये. ही मेहेरबानी होती की शिक्षा, आणि ती त्या उत्तरामुळे मिळाली की ते उत्तर देऊनही मिळाली, हे कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. ऑपिया रडली, मग नवऱ्यासाठी दूध-अंडी घालून गोड केलं, मग परत रडली आणि शेतावरचं घर झाडून घ्यायला निघून गेली.

नुमिसियस ब्रुंडिसियमच्या धक्क्यावर मुलाला घ्यायला गेला. पब्लियस गलबतावरून उतरला तेव्हा आधी ओळखूच आला नाही. दाढी वाढलेली, खांदे रुंद झालेले, डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. त्याने वाकून बापाचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

"थकलात, बाबा."

"समुद्राची हवा," नुमिसियस म्हणाला.

गाडी अप्पियन रस्त्याला लागली तरी दोघं इकडचं तिकडचं बोलत होते. जहाज, वारा, आईचे गुडघे. मग पब्लियसने गाठोड्यातून एक गुंडाळी काढली. कडा झिजलेल्या, एका बाजूला तेलाचा डाग.

"मितिलीनीत एका व्यापाऱ्याकडे मिळाली. आम्ही सगळ्यांनी वाचली. तिकडे एक म्हातारा ग्रीक मास्तर आहे, त्याला लॅटिन वाचता येत नाही, त्याच्यासाठी मी ग्रीकमध्ये करून सांगितली. त्याला नवल वाटलं. म्हणे, आमचीच मतं, पण हा माणूस कोर्टात उभा राहून बोलल्यासारखा बोलतो, आमचे लोक असं बोलत नाहीत." पब्लियसने तेलाचा डाग अंगठ्याने पुसून पाहिला. "बाबा, मला वाटायचं तुम्ही तिकडे नुसते विनवण्या करत फिरताय. माझ्यापायी. मला त्याची लाज वाटायची. तुमची नव्हे, माझी. आणि मग हे हातात पडलं."

नुमिसियसने बाहेर पाहिलं. शेतात बाया ऑलिव्ह वेचत होत्या. गप्प बसून राहावं, असा मोह त्याला झाला, आणि मोह मोठा होता. मुलाने त्याच्याकडे असं आजवर कधी बघितलं नव्हतं.

"ते मी बोललो नव्हतो," तो म्हणाला. "सॅट्रियसने लिहिलं आणि माझं नाव घातलं. मी विनवण्याच करत फिरत होतो. वर्षभर."

पब्लियसने गुंडाळी उलटसुलट करून पाहिली.

"मग लोकांनी विचारलं नाही?"

"कॅल्व्हेंटियसने विचारलं. त्याच्या घरी बोलावून."

"आणि?"

"मी म्हटलं, मीच बोललो."

गाडी एका दगडावरून उडाली. पब्लियसने गुंडाळी छातीशी धरली, मग हळूच मांडीवर ठेवली. तो काय विचार करतोय ते नुमिसियसला कळेना, आणि त्याला पुन्हा धास्ती वाटू लागली. आता भीती कॅल्व्हेंटियसची नव्हती, या शेजारी बसलेल्या दाढीवाल्या माणसाची होती. हा पोरगा एकदा या वाक्यांसारखंच वागून लढाईला गेला होता. परत जाईल. शेतावर बसून राहणाऱ्यातला तो नव्हता. वेनाफ्रमहून रोम काही फार दूर नाही.

"तुला काही करायचं नाहीये," नुमिसियस म्हणाला. "ऐकतोयस ना? आईला मी शब्द दिलाय."

"मी कुठे काय म्हटलं?" पब्लियसने गुंडाळी थोडी उलगडली. बोट बरोबर त्या जागी गेलं, जिथे पुस्तकातला नुमिसियस गप्प बसतो आणि सगळे जेवायला उठतात. "मला एवढंच सांगा. हे इथे तुम्ही विचार करतो म्हणालात, म्हणजे त्याने म्हणवलं. केलात का विचार? सॅट्रियसचं बरोबर, की यातल्या नुमिसियसचं? की तिसरंच काही आहे?"

नुमिसियसने पुढे पाहिलं. गाडीवानाने मान थोडी तिरकी केली होती. ऐकत होता की खेचरांकडे बघत होता, सांगता येत नव्हतं. नुमिसियसने आवाज खाली आणला, मुलाच्या कानाशी झुकला आणि स्वतःचं म्हणणं सांगायला सुरुवात केली.